भोकं कोरणारी माणसं

1925 साली कॅनडातल्या ओटावा शहरी, राष्ट्रीय संग्रहालयातल्या डायमंड जेनेस या मानववंशशास्त्रज्ञाने एका संग्रहातल्या वस्तू वेगवेगळ्या करायला घेतल्या. संग्रह आला होता हडसन उपसागराच्या तोंडाशी असलेल्या केप डॉर्सेट आणि कोट्स बेट या जागांवरून. हार्पूनची टोकं, सुया, मुठी, वॉलरसच्या सुळ्यांचे तुकडे असा सगळा माल. तिथल्या इन्युइट लोकांनी जुन्या वस्त्यांच्या जागा उकरून तो काढलेला. कुठली वस्तू किती खोलीवर होती, कशाच्या शेजारी होती, याची नोंद नाही. उत्खननवाल्यांच्या लेखी असा माल जवळजवळ वाया गेलेला.

जेनेसना त्यात फरक दिसला. काही वस्तू फिकट रंगाच्या, ठसठशीत, ओळखीच्या होत्या. काही मात्र काळपटलेल्या, लहान आणि नाजूक होत्या. ओळखीच्या वस्तूंची भोकं सामत्याने पाडलेली, गोल. काळपट वस्तूंनाही भोकं होती, पण ती लांबट होती. एका बाजूने खाच खरवडत न्यायची, मग दुसऱ्या बाजूने, आणि दोन खाचा आत एकमेकींना भेटल्या की भोक तयार. त्या ढिगात सामता फिरल्याची खूणच नव्हती.

हे जेनेसना दिसलं याला कारण आहे. ते न्यूझीलंडचे, जन्म 1886चा, शिक्षण ऑक्सफर्डचं. 1913 साली ते कॅनडाच्या आर्क्टिक मोहिमेबरोबर उत्तरेला गेले आणि कॉरोनेशन आखाताच्या परिसरातल्या इन्युइट लोकांमध्ये राहिले. इन्युइट माणूस भोक कसं पाडतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. सामत्याच्या दांड्याचं वरचं टोक दातांत धरलेल्या ठोकळ्याच्या खळग्यात बसवायचं, दांड्याला कमानीची वादी एक वेढा घालायची आणि कमान पुढेमागे ओढायची. एक हात वस्तू धरायला मोकळा राहतो. इतकं सोयीचं साधन ज्यांच्या हातात आहे ते लोक हाड खरवडत बसणार नाहीत, हे जेनेसनी ओळखलं. त्याच वर्षी त्यांनी लिहून टाकलं की आजच्या इन्युइटांच्या पूर्वजांहून वेगळे असे कुणी लोक या प्रदेशात राहत होते. ज्या ठिकाणाहून वस्तू आल्या त्यावरून नाव पडलं डॉर्सेट संस्कृती.

माझं सगळं नोकरीतलं आयुष्य पुण्यात, पुरातत्त्वाच्या एका संग्रहात मण्यांच्या नोंदी करण्यात गेलं. इनामगावसारख्या ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांमधले कार्नेलियनचे मणी, शंखाचे, भाजलेल्या मातीचे. मण्याचा रंग आणि आकार कुणीही लिहून घेईल. खरी माहिती वेजात असते. दगडी टोकाच्या सामत्याने दोन्ही बाजूंनी पाडलेला वेज तोंडाशी रुंद आणि मध्यावर चिमटलेला असतो. भिंगाखाली तो एकदा नीट पाहिला की कारागिराने मणी कधी उलटा केला, किती घाई केली, हेही कळायला लागतं. खंबायतला जाऊन हिऱ्याच्या कणांचं टोक लावलेला कमानीचा सामता अकीकातून पार होताना मी तासन्‌तास पाहिला आहे. म्हणून डॉर्सेट लोकांबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्यांचे मुखवटे, त्यांची अस्वलं यांच्या आधी मला ती भोकं दिसली. सामता माहीत असलेल्या लोकांच्या वंशजांनी सामता सोडून दिला होता. पुरातत्त्वात अशी गोष्ट फार थोड्या ठिकाणी इतकी लख्ख दिसते.

सामता त्यांच्या वाडवडिलांना माहीत होता हे नंतरच्या उत्खननांतून सिद्ध झालं. कॅनडाच्या पूर्व आर्क्टिकमध्ये आणि ग्रीनलंडमध्ये माणूस पहिल्यांदा पोचला तो आजपासून सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी, अलास्काच्या बाजूने. त्याची हत्यारं इतकी बारीक की अभ्यासकांनी त्या सगळ्या परंपरेला आर्क्टिकची लघुहत्यार परंपरा असंच नाव दिलं. चर्टची सूक्ष्म पाती, नखाएवढ्या तासण्या, हाड कोरायच्या, बोटाच्या पेराएवढ्या तक्षण्या. या लोकांकडे धनुष्यबाण होता, थोडे कुत्रे होते आणि सुईचं नेढं पाडायला सामता होता. पुढे, इसवी सनापूर्वी 800 ते 500 या काळात, हवा थंड होत गेली आणि त्यांच्याच पोटातून डॉर्सेट जीवनपद्धती तयार झाली. तिच्यात धनुष्यबाण नाही, सामता नाही, कुत्रे क्वचितच. आणि ही जीवनपद्धती दीड हजारांहून अधिक वर्षं टिकली.

पण 1925 साली हे काहीच ठाऊक नव्हतं, आणि जेनेसचं म्हणणं सगळ्यांना पटलंही नाही. विरोध केला तो त्या काळात आर्क्टिकच्या जमिनीत सगळ्यात जास्त खणलेल्या माणसाने, डेन्मार्कच्या थेरकेल मॅथियासन यांनी. क्नुड रासमुसेन यांच्या पाचव्या थूले मोहिमेत (1921 ते 1924) ते होते. 1922च्या उन्हाळ्यात हडसन उपसागराच्या वायव्येला, नौयान नावाच्या जागी, त्यांनी जुनी घरं खणली. घरं अर्धी जमिनीत, भिंती दगड-मातीच्या, आणि छपराला वाशांच्या जागी देवमाशाच्या फासळ्या नि जबडे. आत शिरायची वाट घराच्या जमिनीहून खाली खणलेली, म्हणजे थंड हवा वाटेतच बसून राहते आणि ऊब वर घरात. या लोकांनी चामड्याच्या मोठ्या होड्यांतून बोहेड जातीचा देवमासा मारला. तो कित्येक टन वजनाचा. एक मासा म्हणजे अख्ख्या वस्तीचं हिवाळ्याचं अन्न, दिव्याचं तेल आणि घराचं छप्पर. त्यांच्याकडे कुत्र्यांच्या गाड्या होत्या, कायाक नावाच्या लहान होड्या होत्या, धनुष्यं होती. भोकं तर सगळीकडे, सगळी गोल. मॅथियासननी या संस्कृतीला थूले नाव दिलं, ती अलास्काकडून आली हे दाखवलं आणि 1927 साली दोन खंडांत सगळं प्रसिद्ध केलं. आजचे कॅनडा आणि ग्रीनलंडचे इन्युइट या थूले लोकांचे वंशज आहेत. ते काम आजही पायाभूत आहे.

जेनेसचे डॉर्सेट लोक मात्र मॅथियासनना थूलेचाच एखादा स्थानिक प्रकार वाटले. त्यांच्या बाजूनेही बोलायला हवं: जेनेसकडे पेटीतल्या वस्तू होत्या, मॅथियासनकडे खणलेली घरं. आमच्या व्यवसायात असा वाद झाला तर खणणाऱ्याचं पारडं जड असतं, आणि ते योग्यच आहे. वादाचा निकाल लावायला एक अशी जागा हवी होती जिथे फक्त डॉर्सेट असेल आणि थूलेचा एक तुकडाही नसेल. ती 1939 साली ग्रॅहम रोली या तरुण इंग्रज पुरातत्त्वज्ञाला इग्लुलिकजवळ मिळाली. अव्वाज्जा नावाच्या लहानशा बेटावर त्यांनी खणलं आणि जे निघालं ते सगळं काळपट, लहान, कोरलेल्या भोकांचं. पुढच्याच वर्षी त्यांनी ते छापलं. टेबलावर वेगळा केलेला ढीग जमिनीतही वेगळाच निघाला.

इग्लुलिकचा तो प्रदेश पुरातत्त्वाला देणगीच म्हणावा असा आहे. हिमयुगात तिथल्या जमिनीवर किलोमीटरच्या हिशेबात जाड बर्फ होता. बर्फ वितळला, भार उतरला, आणि दबलेली जमीन हळूहळू वर येऊ लागली. ती अजूनही येते आहे. त्यामुळे समुद्रकिनारा शतकाशतकाने खाली सरकत गेला आणि जुने किनारे टेकडीवर खड्यांच्या रांगा होऊन राहिले. सीलची शिकार करणारा माणूस पाण्याजवळ राहतो. म्हणजे प्रत्येक पिढीची वस्ती तिच्या काळच्या किनाऱ्यावर. योर्गेन मेल्डगार्ड या डॅनिश पुरातत्त्वज्ञाने 1954 साली इथे काम सुरू केलं तेव्हा त्यांना नुसतं चढ चढत गेलं तरी काळात मागे जाता येत होतं. सगळ्यात जुन्या वस्त्या समुद्रसपाटीपासून सुमारे 50 मीटरवर, डॉर्सेट त्याखाली, थूले किनाऱ्यालगत. आम्ही दख्खनच्या पांढरीत थर मोजत खाली जातो, जितकं खोल तितकं जुनं. तिथे एकेका रांगेवर एकेक काळ उघडा पडलेला. या टेकडीवर धनुष्यबाणाचे अवशेष कुठल्या उंचीपर्यंत आहेत आणि कुठे संपतात, गोल भोकं कुठे संपतात, हे चालत जाऊन पाहता येतं. जेनेसनी एका पेटीवरून जो तर्क केला होता त्याला काळाचा क्रम असा मिळाला.

लेकीकडे कॅनडात गेले असताना ओटावा नदीपलीकडच्या गॅटिनो गावी, कॅनडाच्या इतिहास संग्रहालयात, मला डॉर्सेट वस्तू काचेच्या इतक्या जवळून पाहता आल्या की श्वासाने काच धुरकट होत होती. एक हार्पूनचं टोक होतं, वॉलरसच्या सुळ्याचं, माझ्या करंगळीहून थोडं लहान. त्याचं काम असं: ते लाकडी दांड्याच्या पुढच्या टोकावर सैल बसवलेलं असतं आणि त्याला चामड्याची दोरी बांधलेली असते. सीलच्या अंगात घुसलं की दांडा निसटतो, दोरी ताणली जाते, आणि टोक कातडीच्या आत आडवं होतं. ओढाल तितकं घट्ट. हे सगळं अवलंबून असतं दोरीच्या भोकावर. ते मध्यापासून थोडं सरकलेलं हवं, म्हणजे टोक वळतं. आणि त्याच्या कडेने दोरी कापली जाता कामा नये. त्या टोकाचं भोक लांबट होतं, कडा आतल्या बाजूला उतरत गेलेल्या. दोन्ही बाजूंनी खरवडल्याच्या बारीक समांतर रेघा दिसत होत्या, तक्षणीच्या टोकाने ओढलेल्या, एकही रेघ वाट चुकून बाहेर गेलेली नाही. दोरी ज्या दिशेने ताणली जाणार त्याच दिशेने खाच लांबवलेली. पलीकडे सुया होत्या. चपट्या, काडीपेटीच्या काडीहूनही बारीक, आणि नेढं म्हणजे एक चीर.

मी पुष्कळ वेळ तिथे उभी होते. वॉलरसचा सुळा किती चिवट असतो हे हातात धरल्याशिवाय कळत नाही. त्यात दगडी टोकाने अशी चीर पाडायची म्हणजे टोक दर थोड्या वेळाने बोथटणार, ते पुन्हा घासून धार लावायची. डॉर्सेट लोकांनी तक्षणीसारखं हत्यार घासून गुळगुळीत करायची रीत आणली होती, जेडसारख्या कठीण दगडालाही. म्हणजे कोरण्याचं तंत्र त्यांनी पुष्कळ पुढे नेलं होतं. सामता त्यांच्याकडून हरवला असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. मला ते पटत नाही. भोक ही रोजची गरज आहे; सुई रोज लागते, दोरी रोज लागते. रोजच्या गरजेचं तंत्र विसरलं जात नाही, ते बाजूला ठेवलं जातं, कारण दुसरं तंत्र हाताशी आलेलं असतं. त्यांच्या हातात कोरणी इतकी बसली होती की सगळं, अगदी भोकसुद्धा, कोरूनच व्हायला लागलं.

धनुष्याचं तसं नाही. ते गेल्याने कॅरिबूची शिकार अवघड झाली असणार, आणि डॉर्सेट वस्त्यांत सील नि वॉलरसची हाडं ढिगांनी मिळतात. ते लोक जमिनीकडून समुद्राकडे, समुद्रावरच्या बर्फाकडे वळले. त्यासाठी लागणारी साधनं त्यांनी जमवली: शंखजिऱ्याच्या मऊ दगडातून कोरलेले चरबीचे दिवे आणि भांडी, बर्फाच्या विटा कापायचे चाकू, बर्फावर घसरू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या हस्तिदंती पट्ट्या, हाताने ओढायच्या लहान घसरगाड्या. त्यांच्याआधी ग्रीनलंडच्या उत्तर टोकाला, 82 अंशांवर, पीअरी लँडमध्ये राहून गेलेल्या लोकांकडे असे दिवेसुद्धा नव्हते. एइगिल क्नुथ या डॅनिश शोधकाने त्यांचे तंबूंचे अवशेष शोधले. मधोमध दगडी चौकट, तीत वाहून आलेलं लाकूड, खुरटी विलो आणि कस्तुरी-बैलाची हाडं जाळायची. चार महिन्यांहून जास्त काळ सूर्य उगवत नाही अशा जागी. डॉर्सेट घरातला तो तेलाचा दिवा मी त्या पार्श्वभूमीवर पाहते तेव्हा तो केवढी मोठी गोष्ट होता हे कळतं.

आणि मग त्यांची कला. क्वेबेकच्या उत्तर किनाऱ्याजवळच्या एका बेटावर, त्यारा या जागी, विल्यम टेलर यांना 1950च्या दशकात सापडलेला हस्तिदंती मुखवटा जेमतेम साडेतीन सेंटिमीटर उंच आहे. डोळे, नाक, अर्धवट उघडं तोंड. चेहरा माणसाचा आहे, आणि तो शांत आहे. पाय मागे ताणून तरंगणारी पांढरी अस्वलं आहेत, अंगावर सांगाड्याच्या रेघा कोरलेल्या. शामानने तोंडात धरायचे, प्राण्याच्या सुळ्यांसारखे कोरलेले दात आहेत. क्वेबेकच्या उत्तर किनाऱ्याजवळच्याच कायार्तालिक बेटावर, शंखजिऱ्याच्या खाणीच्या उघड्या खडकावर, दीडशेहून अधिक चेहरे कोरलेले आहेत. पाँड इनलेटला मिशनरी म्हणून राहिलेले पाद्री गी मारी-रुसेलियेर यांनी बायलॉट बेटावरच्या बटन पॉइंट येथे डॉर्सेटांचे लाकडी मुखवटे मिळवले, माणसाच्या चेहऱ्याएवढे, त्यांवर लाल गेरूचे अंश. सामता नसलेल्या, धनुष्य नसलेल्या या लोकांना मागासलेले म्हणणाऱ्याने हे सगळं एकदा ओळीने पाहावं.

या लोकांना कमी लेखणारी मतं मात्र बरीच झाली. उत्तर-डॉर्सेट काळात त्यांनी दगडांच्या बुटक्या भिंती घालून लांबच लांब आवार बांधले, काही 40 मीटरच्याही पुढे. छप्पर नव्हतंच, आत रांगेने तंबू पडत असावेत, आणि बाहेर चुलींची ओळ असते. वर्षातून कधीतरी विखुरलेली कुटुंबं तिथे एकत्र येत असणार. उंगावा भागातले असे आवार पाहून टॉमस ली यांनी ते नॉर्वेकडून आलेल्या नॉर्स लोकांचे ठरवले. पुढे फार्ली मोवाट या लोकप्रिय लेखकाने 1998 साली नॉर्सांच्याही आधी युरोपातून आलेल्या लोकांची कहाणी त्यावर रचली. पॅट्रिक प्ल्युमे यांनी काळजीपूर्वक खणून ते डॉर्सेटांचेच आहेत हे दाखवलं. मोठं बांधकाम दिसलं की बांधणारा बाहेरचा शोधायचा, ही खोड जगभर आहे आणि तिचा मला संताप येतो. ज्यांच्या दाराशी ते दगड आहेत, त्यांच्या हातांना आधी मान द्यावा.

आर्क्टिक आणि प्राचीन माणूस हा विषय निघाला की मराठी घरात लोकमान्यांच्या ग्रंथाचं नाव येतंच. वेदांतल्या दीर्घ उषा आणि लांबच लांब रात्रींच्या वर्णनांवरून वैदिक आर्यांचं मूळ घर ध्रुवप्रदेशात होतं आणि हिमयुगाने त्यांना तिथून बाहेर काढलं, असं टिळकांनी 1903 साली मांडलं. तो ग्रंथ मी आदराने वाचला आहे. तुरुंगवास नि राजकारण यांच्या धबडग्यात एका माणसाने केलेला तो व्यासंग थोर आहे. त्या वेळी आर्क्टिकमध्ये शास्त्रीय उत्खनन जवळजवळ झालंच नव्हतं. त्यानंतरच्या शंभर वर्षांत ते झालं. सायबेरियात याना नदीकाठी, 71 अंश उत्तरेला, 30 हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची वस्ती व्लादिमीर पितुल्को यांनी उजेडात आणली. झोखोव बेटावर, 76 अंशांवर, सुमारे 9 हजार वर्षांपूर्वी पांढऱ्या अस्वलांची शिकार करणारे, कुत्र्यांच्या गाड्या वापरणारे लोक मिळाले. वैदिक संस्कृतीशी जोडता येईल असं या वस्त्यांत काही नाही. पण ध्रुवप्रदेशात फार प्राचीन काळी माणूस राहत होता, हे खरं ठरलं, आणि त्या माणसांची स्वतःची गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

ती गोष्ट आर्क्टिकमध्ये सांगितलीही जात होती. फ्रांत्स बोआस 1883-84 साली बॅफिन बेटावर कंबरलँड खाडीत राहिले. इन्युइटांनी त्यांना आपल्या आधी या भूमीवर राहणाऱ्या तुनीत लोकांच्या कथा सांगितल्या. त्यांनी त्या 1888 साली छापल्या, म्हणजे जेनेसच्या पेटीच्या 37 वर्षं आधी. तुनीत अंगाने थोराड, बळाने अचाट, स्वभावाने बुजरे. त्यांतलं एक वर्णन मला सगळ्यात विश्वासाचं वाटतं. सीलच्या श्वास घेण्याच्या भोकाशी तुनीत शिकारी लांब, रुंद कोट घालून बसायचा, कोटाची खालची कड खुंट्यांनी बर्फाला ठोकून टाकायचा आणि आत एक लहानसा दिवा पेटवायचा. सील आला की हार्पून मारण्याच्या भरात दिव्याचं भान राहायचं नाही, दिवा कलंडायचा आणि कातडी भाजायची. इतका बारकावा कुणी उगाच रचत नाही. डॉर्सेट वस्त्यांमधले शंखजिऱ्याचे मुठीत मावणारे दिवे ज्याने पाहिले आहेत त्याला ही कथा ओळखीची वाटेल. मॅथियासननी तुनीत म्हणजे थूले लोक असा अर्थ लावला होता. आज पुरातत्त्वज्ञ बहुतांशी मानतात की तुनीत म्हणजे डॉर्सेट.

डॉर्सेट आणि थूले लोकांची भेट झाली होती का, हा प्रश्न वर्षानुवर्षं गाजला, आणि त्यात घोळ घातला कार्बन-14ने. सील आणि वॉलरस यांच्या शरीरातला कार्बन समुद्रातून येतो आणि तो मुळातच शेकडो वर्षं जुना असतो. त्यांच्या हाडांचं वय म्हणून खऱ्याहून जास्त दिसतं. लाकडाचंही तसंच: झाडं न उगवणाऱ्या या प्रदेशात लाकूड येतं सायबेरियाच्या नद्यांमधून, बर्फात अडकून, आणि मग किनाऱ्यावर पडून राहतं. चूल पेटवणारा ते शेकडो वर्षांनी उचलतो. कॅरिबूसारख्या जमिनीवरच्या प्राण्यांच्या हाडांवर भर दिल्यावर थूलेंचं पूर्वेकडचं आगमन इसवी सन 1000वरून तेराव्या शतकाकडे सरकलं. रॉबर्ट मॅगी यांचं म्हणणं असं की त्यांना ओढून आणलं ते लोखंडाने. ग्रीनलंडच्या वायव्येला केप यॉर्कजवळ पडलेल्या अशनीचं लोखंड डॉर्सेट लोक ठोकून वापरत होते. त्यातला सुमारे 31 टनांचा एक तुकडा रॉबर्ट पीअरीने 1897 साली न्यूयॉर्कला नेला. मला मॅगींचं म्हणणं पटतं. धातूची बातमी लांब जाते.

2014 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या जनुकीय अभ्यासाने पुष्कळ प्रश्न मिटवले. सगळ्यात आधी आलेल्या लघुहत्यारवाल्यांपासून शेवटच्या डॉर्सेटांपर्यंत एकच लोकसमूह जवळपास चार हजार वर्षं आर्क्टिकमध्ये राहिला, आणि सुमारे 700 वर्षांपूर्वी त्याचा माग संपला. थूले लोकांत त्यांचं रक्त मिसळल्याची खूण त्या अभ्यासात मिळाली नाही. हडसन उपसागरातल्या साउदॅम्प्टन बेटावरचे सॅडलर्मिउत हे तुनीतांचे शेवटचे वंशज असावेत असं पुष्कळांना वाटायचं; त्यांची भाषा नि चालीरीती शेजाऱ्यांहून वेगळ्या. 1902-03च्या हिवाळ्यात देवमाशांच्या शिकारी जहाजाबरोबर आलेल्या साथीने ते जवळजवळ सगळेच गेले, एक बाई आणि चार मुलं सोडून. जनुकांनी सांगितलं की तेही थूलेंचेच वंशज होते. म्हणजे तुनीतांचं वेगळेपण सहा शतकं आधीच मिटलं होतं.

बोआसना सांगितलेल्या कथेत भांडणाचं कारण कायाक आहे. एका तुनीत मुलाने न विचारता इन्युइट मुलाचा कायाक नेला आणि त्याचा तळ बिघडवला; इन्युइट मुलाने रागाने त्याला झोपेत मारलं; तुनीत घाबरून देश सोडून गेले. मारणारे आपलेच पूर्वज, हे सांगणाऱ्यांनी लपवलं नाही. लोकसंख्या किती घटली, हवामान किती बदललं, शिकारीच्या जागा कुणी बळकावल्या, याचे हिशेब पुरातत्त्वज्ञ मांडतात आणि ते मांडायलाच हवेत. पण शेजारी आलेल्या दुसऱ्या लोकांकडे होड्या नि कुत्रे असताना, मोजक्या कुटुंबांच्या एका समाजाने किनारा सोडायचा निर्णय घेतला असेल, तर त्याचं सगळ्यात जवळचं वर्णन या कथेत आहे, असं माझं मत आहे.

आता घाई आहे ती गोठलेल्या जमिनीची. ग्रीनलंडमध्ये इलुलिसातजवळच्या काया या जागी उकिरड्याचे थर तीन मीटरपर्यंत जाड आहेत, लघुहत्यारवाल्यांपासून थूलेंपर्यंतचे, आणि ते गोठलेले असल्यामुळे त्यांत लाकूड, चामडं, केस, पिसं टिकली आहेत. डिस्को उपसागरातल्या केकर्तासुस्सुक इथे 1980च्या दशकात अशाच गोठलेल्या थरातून केसांचा एक पुंजका निघाला आणि त्यावरून 2010 साली एस्के विलरस्लेव यांच्या चमूने चार हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा सबंध जनुकसंच वाचला. तपकिरी डोळे, जाड काळे केस, पुढे टक्कल पडण्याचा कल, इतकं कळलं. असे थर आता दर उन्हाळ्यात वितळतायत, आणि वितळलेल्या थरात जीवाणू कामाला लागतात. हाड नि दगड आणखी बरीच वर्षं थांबू शकतील. लाकूड आणि चामडं थांबणार नाही. आमच्याकडे काळ्या मातीने लाकूड कधीच शिल्लक ठेवलं नाही. इनामगावच्या माणसाचा कोट, त्याची टोपली, त्याच्या सामत्याची कमान कशी होती, हे मला आयुष्यभर कल्पनेनेच पाहावं लागलं. तिथे हे सगळं अजून जमिनीत आहे. तेव्हा पैसा नि माणसं थोडी असतील तर आधी त्या उकिरड्यांवर लावावीत, दगडी हत्यारांच्या नव्या जागा नंतर शोधाव्यात, आणि कुठे खणायचं हे ठरवताना तिथल्या इन्युइट वस्त्यांचं म्हणणं पहिलं ऐकावं. ओटावाची ती पेटीसुद्धा त्यांनीच भरून दिली होती.